मागच्या सीटवर कोण बसलं होतं?

"निळी," मी म्हणालो. "निळीच्या मागे सुटी चाकं आहेत आणि करडीच्या मागे दांडा. कुणाला पैज लावायची असेल तर लावा."

कुणीच लावली नाही. तपासणीच्या आवारात अकरा माणसं उभी होती, पण माझ्याविरुद्ध पैज लावावी असं एकालाही वाटलं नाही. पस्तीस वर्षं मी या कारखान्याच्या गाड्या चालवून पारखल्या होत्या. अशा पारखीला आमच्या धंद्यात गमतीने 'बुडमीटर' म्हणतात. यंत्रं काय मोजायचं ते मोजोत, गाडी खरी कशी आहे ते चालवणाऱ्याच्या बुडाला कळतं. आणि माझं बूड हे दक्षिण जर्मनीतल्या आल्बच्या पठारावरचं सर्वांत अचूक मीटर, असं लोक म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी म्हणत होते. म्हणून तर नव्या गाडीला मागे दोहोंपैकी काय बसवायचं ते ठरवायला त्या दिवशी मला बोलावलं होतं.

कार्लेने पाकीट फोडलं. कार्ले आमच्या वर्कशॉपचा मिस्त्री. कुणी वाकून पाहू नये म्हणून आदल्या दिवशी त्यानेच दोन्ही गाड्यांच्या मागे खालून पत्रे ठोकले होते. कोणत्या गाडीत काय बसवलंय हे त्याच्याशिवाय आणि त्या पाकिटाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने कागद वाचला, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गेबहार्ट," तो म्हणाला, "निळीत दांडा आहे."

"उलटं वाचतोयस तू."

"मीच बसवलाय, बाबा."

मी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. कार्लेचंच अक्षर होतं. निळी: दांडा. करडी: सुटी चाकं. माझे कान गरम झाले. सकाळी आठपासून तीन तास मी दोन्ही गाड्या आळीपाळीने अठरा किलोमीटरच्या वळशावर हाकल्या होत्या. निळीची शेपूट वळणावर पाळलेल्या कुत्र्यासारखी मागोमाग येत होती. करडी मला जराशी सुस्त वाटली होती. इतकी चपळ गाडी दांड्याची असूच शकत नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं आणि निळीला भरघोस गुण दिले होते.

आणि मजा म्हणजे तो दांडा माझाच. या गाडीच्या आधीच्या मॉडेलसाठी पस्तीस वर्षांपूर्वी मीच तो बसवून घेतला होता, जुळवून घेतला होता. अजूनही लोक मला 'दांड्याचा बाप' म्हणतात. बापाला स्वतःचं पोर ओळखता आलं नव्हतं.

सगळ्यांत आधी डॉक्टर हाउग हसले. हे आमचे विकासखात्याचे प्रमुख, साडेसहा फूट उंच, आणि त्यांना हसताना मी आजवर दोनदाच पाहिलं होतं. "हेर रोश," ते नेहमीसारखं माझं आडनाव घेऊन म्हणाले, "तुम्ही चुकलात, पण तुमच्या चुकीने आमचं काम झालं. दांडा हलका, स्वस्त, डिकीला जागा सोडतो. आणि तुमच्यासारख्यालाही तो दांडा आहे हे कळलं नाही! मग गिऱ्हाइकाला काय कळणार?"

"कुणाला कळणार नाही," कार्ले म्हणाला. हे आमच्या कारखान्याचं जुनं वाक्य. कोणतीही सोपी, स्वस्त गोष्ट इतकी नीट करायची की कुणाला कळणार नाही. ते वाक्यही मूळचं माझंच.

लोक माझ्या पाठीवर थापा मारायला लागले. धक्का ओसरला आणि त्याच्या जागी एक गोड अभिमान चढायला लागला. मी चुकलो होतो, पण किती सुंदर चुकलो होतो!

तेवढ्यात मला डोरिट पेश दिसली. ती एकटीच करड्या गाडीच्या छपरावर हात ठेवून उभी होती. करडीतली सुटी चाकं तिची. कोलोनहून आमच्याकडे आलेली चौतिशीची इंजिनिअर. अडीच वर्षं तिने त्या एका गोष्टीवर घालवली होती. परीक्षक म्हणून मला बोलवा हा आग्रहही तिचाच होता. "दांड्याचा बाप असला तरी हेर रोश यांचं बूड खोटं बोलत नाही," असं ती हाउगना म्हणाली होती. आता चार वाजता तपासणीच्या तक्त्यावर माझी सही झाली की तिची करडी कायमची बंद होणार होती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. कुणी तिच्याशी काही बोललं नाही. मीही नाही.

माझी नात फ्रांका त्या दिवशी माझ्याबरोबर होती. ती नऊ वर्षांची. शरद ऋतूची सुट्टी चालू होती, तिच्या आईची, म्हणजे माझ्या लेकीची, गुडरूनची, इस्पितळात ड्यूटी होती आणि माझी बायको बहिणीकडे उल्मला गेली होती. सकाळी माझ्या गाडीतून तिला वर पठारावर आणलं. वाटेत ती नेहमीसारखी गप्प. गाडीत फ्रांका फार गुणी असते, असं मी सगळ्यांना सांगत असे. दार लावलं की दार उघडेपर्यंत तोंडातून चकार शब्द नाही. सकाळभर ती कँटीनमध्ये घोड्यांचं पुस्तक वाचत बसली होती.

जेवायला मसूर, श्पेट्सले म्हणजे आमच्याकडच्या जाड शेवया आणि सॉसेज होतं. डोरिटही आमच्याच टेबलावर येऊन बसली. तिने येऊ नये असं मला वाटत होतं.

"आजोबा, दांडा म्हणजे काय?" फ्रांकाने विचारलं. "सगळे दांडा दांडा करतायत."

मुलांना समजावून सांगायचं म्हटलं की मला बाकी सगळं विसरायला होतं. मी दोन काटे घेतले आणि त्यांच्यावर एक सुरी आडवी ठेवली. "हे बघ. दोन माणसं खांद्यावर एक बांबू घेऊन चाललीत. बांबूला सफरचंदांची टोपली लटकवलेली. एकाचा पाय खड्ड्यात गेला, तर दुसऱ्याला काय होईल?"

"हिसका बसेल."

"बरोबर. तो बांबू म्हणजे दांडा. मागची दोन चाकं एकमेकांना बांधलेली. आता फ्राउ पेश यांच्या गाडीत बांबूच नाही. प्रत्येक चाकाला आपापल्या पाच दांड्या. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नाही. त्याला म्हणायचं सुटी चाकं."

"सुटी म्हणजे वाटेत निघून पडतील?"

डोरिटला त्या अवस्थेतही हसू आलं. "आजवर एकच पडलं," ती म्हणाली. "कार्लेच्या पायावर."

फ्रांका सुरीकडे पाहत राहिली. "पण आजोबा, टोपलीतल्या सफरचंदांना काय होतं?"

"सफरचंदांना काय व्हायचंय? सफरचंदं काही बोलत नाहीत."

मी आणखी एक सॉसेज घेतलं. फ्रांकाने शहाणा प्रश्न विचारलाय एवढं कौतुक वाटलं, पण प्रश्न काय होता याच्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

डोरिटने ताट बाजूला सारलं. "हेर रोश, मला निकालाचं वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं. पण अडीच वर्षांत माझ्या कामाबद्दल इथं कुणी एक शब्द बोललं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. मला निदान कळायला तरी हवं होतं, की लोकांना ते आवडत नाहीये."

"अहो, ते कौतुक होतं!" मी म्हणालो. "आमच्या या श्वाबेन भागात म्हण आहे: शिव्या दिल्या नाहीत, म्हणजे कौतुकच झालं. कुणी बोललं नाही ना? मग सगळ्यांना आवडलंय."

"आमच्या कोलोनला कौतुक करायचं असलं की माणसं तोंड उघडतात."

"आमच्याकडे तोंड उघडलं की समजायचं काहीतरी बिघडलंय."

फ्रांका आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने खिशातली छोटी पत्र्याची डबी काढली आणि पुन्हा आत टाकली. गोळ्या असतील, असं मी धरून चाललो होतो.

दीडच्या सुमाराला दोन्ही गाड्या खाली गावातल्या कारखान्यात न्यायच्या होत्या. निळी कार्ले घेणार होता. करडी मी घेतली, कारण डोरिटला ती स्वतः भंगाराकडे चालवत न्यायला लावावं हे बरं दिसलं नसतं. ती माझ्या शेजारी बसली. फ्रांकासाठी कार्लेने आपल्या नातवाची उंच बैठक आणून मागे लावून दिली.

पहिल्या वळणाला मागून आवाज आला. "फ्राउ पेश, कोलोनला कार्निवलमध्ये बायका खरंच पुरुषांचे टाय कापतात?"

"कापतात तर! पुढच्या वर्षी तुझ्या आजोबांचा कापणार आहे मी."

"ते टाय लावतच नाहीत. मिशी कापा."

दोघी हसल्या. मी पण हसलो. मग मागून गाईंची मोजणी सुरू झाली. मग पवनचक्की का फिरत नाहीये. मग इंटाचा घोडा लंगडतोय, पण डॉक्टर म्हणतात तीन आठवड्यांत बरा होईल. इंटा कोण ते मला कळेना. मी आरशात पाहिलं आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला.

फ्रांका पुस्तक वाचत होती. चालत्या गाडीत. मान खाली घालून, ओठ हलवत, वाचून दाखवत होती.

"फ्रांका, बरं वाटतंय ना तुला?"

"का?"

"तू बोलतेयस."

"मग? नको बोलू?"

"बोल, बोल," मी म्हणालो. नऊ वर्षं मी या मुलीला गाडीतून नेत आणत होतो. माझ्या गाडीत तिने कधी पुस्तक उघडलं नव्हतं. कधी गाय मोजली नव्हती. अठरा किलोमीटर तर सोडाच, अठरा शब्दही तिने त्या मागच्या सीटवरून मला ऐकवले नव्हते.

खाली हाल्डेनबाख गावातल्या चर्चच्या गल्लीत जुने दगड आहेत, गुळगुळीत झालेले, मधूनमधून खचलेले. तिथे प्रत्येक गाडी आपलं खरं रूप दाखवते. मी मुद्दाम वेग कमी केला नाही. गल्ली संपली तरी मागे इंटाच्या घोड्याची मलमपट्टी चालूच होती.

"फ्रांका, आता दगडांचा रस्ता गेला बघ."

"कुठे?" ती म्हणाली आणि मागच्या काचेतून वळून पाहायला लागली.

कुणाला कळणार नाही. पस्तीस वर्षं मी ते वाक्य दांड्याबद्दल म्हणत आलो होतो. ते खरं होताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही दांडा नसलेल्या गाडीत.

डोरिटचा हात दाराच्या मुठीवर आवळलेला मला दिसला. तिच्याही ध्यानात आलं होतं.

कारखान्याच्या आवारात मी गाडी थांबवली, मागचं दार उघडलं आणि फ्रांकासमोर उकिडवा बसलो. माझ्या वयाला ते सोपं नाही.

"एक खरं सांगशील? माझ्या गाडीत तू कधीच का बोलत नाहीस?"

ती बुटाच्या टोकाकडे पाहायला लागली. "मम्मीने सांगितलंय, सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटायचं ते वाटून गेलं. सांग."

तिने डबी काढून उघडली. आत लिंबाच्या सालीचे तुकडे होते. "तोंड उघडलं की उलटी येईल असं वाटतं, आजोबा. म्हणून हे चघळायचं, अंगठा दाबून धरायचा आणि आकडे म्हणायचे. मनातल्या मनात. मम्मीने शिकवलंय. ही डबी पण मम्मीचीच आहे. ती लहान असतानाची."

"तुझ्या मम्मीची?"

"हो. बोडन तळ्याला जायचात ना तुम्ही, दर उन्हाळ्यात? तेव्हा तिला तीन हजारपर्यंत मोजायला लागायचं."

मी उकिडवा होतो तो खालीच बसलो, तेलकट फरशीवर. बोडन तळ्यापर्यंत दोन तास. मागच्या सीटवर गुडरून. तिच्या लहानपणी आमच्याकडे दुसरी कोणती गाडी असणार? माझीच, दांड्याची. मी मित्रांना सांगत असे, माझी पोरगी तळ्यापर्यंत हूं का चूं करत नाही, यावरून समजा गाडी कशी आहे! एकदा तर ते मी कारखान्याच्या सभेतही सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शिव्या दिल्या नाहीत, म्हणजे कौतुकच झालं. पोर मागे दात आवळून आकडे मोजत होती आणि मी पुढे बसून ते कौतुक खिशात घालत होतो.

"आज डबी उघडली नाहीस?" डोरिटने हळूच विचारलं.

"विसरलेच," फ्रांका म्हणाली, आणि तिलाच नवल वाटलं.

मी उठलो. पँट झाडायचंही सुचलं नाही. "फ्राउ पेश, निळी घ्या. मी मागे बसतो."

"तुम्ही?"

"मी. आणि सकाळी मी जशी हाकली तशी हाका. दयामाया नको."

फ्रांकाला कार्लेकडे सोडलं आणि मी निळीच्या मागच्या सीटवर शिरलो. गुडघे हनुवटीला लागले. बसल्यावर एक गोष्ट डोक्यात आली आणि मी तसाच थिजलो. पस्तीस वर्षांत मी या जागेवर कधी बसलोच नव्हतो. आमच्यापैकी कुणीच बसलं नव्हतं. आमची पद्धत अशी: एक जण चालवणार, दुसरा शेजारी बसून तक्ता भरणार. मागे वजनासाठी वाळूची पोती. तक्त्यात सव्वीस ओळी, स्टिअरिंगपासून वायपरच्या आवाजापर्यंत, आणि सगळ्या पुढच्या सीटवरून भरायच्या. मागच्या चाकांवर आमची दोन पिढ्या भांडणं झाली, पण मागच्या चाकांच्या डोक्यावर जो बसतो त्याला कुणी विचारलं नव्हतं. पोत्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

डोरिटने गाडी काढली. पहिला किलोमीटर काही नाही. मला जरा बरंही वाटलं. मग खाणीकडचा रस्ता लागला, थंडीने फुटलेला. डावं चाक खड्ड्यात गेलं आणि माझ्या उजव्या कुल्ल्याला खालून लाथ बसली. डोकं काचेकडे गेलं. सावरतोय तोच उजवं चाक उचललं आणि मी उलट्या बाजूला. पुढे तेच शेपटीचं चपळ वळणं, ज्यावर मी सकाळी जीव ओवाळून टाकला होता, ते मागे बसलेल्याला कसं लागतं ते मला तेव्हा कळलं. प्रत्येक वळणावर कुणीतरी सीट खालून ओढून घेतंय असं. रेल्वेचं फाटक आलं. दोन रूळ, चार हिसके. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, भुकेचं नव्हे. मानेवर गार घाम आला. माझ्या नकळत मी अंगठा दाबून धरला होता.

अकरा, बारा, तेरा.

"हेर रोश?" डोरिट पुढून म्हणाली. "ठीक आहात?"

मी उत्तर दिलं नाही. देता येत नव्हतं. तिने आरशात पाहिलं आणि गाडी एकदम कडेला घेतली.

बीटच्या शेताच्या बांधावर मी बराच वेळ वाकून उभा राहिलो. डोरिट जवळ आली. मला वाटलं, आता ही बोलेल. तिचा हक्क होता. पण तिचाच आवाज कापत होता.

"मी पण कधी मागे बसले नाही. स्वतःच्या गाडीतसुद्धा. अडीच वर्षं मी तुमच्याशी वळणाच्या वेगावर भांडले, हेर रोश. तुमच्याच मैदानावर. माझ्या गाडीत पोर पुस्तक वाचू शकतं, हे मलाच माहीत नव्हतं."

आम्ही दोघं तसेच उभे होतो, दोन मूर्ख, बीटच्या शेतात.

चार वाजता डॉक्टर हाउग तक्ता आणि पेन घेऊन तयार होते. सकाळची माणसंही होती. मी पेन हातात घेतलं नाही.

"सही करत नाही मी."

"काय झालं?"

मी सांगितलं. गुडरूनचंही सांगितलं, सगळ्यांसमोर. सकाळची फुशारकी सगळ्यांसमोर मारली होती, मग हेही तसंच सांगायला हवं होतं.

हाउगनी शांतपणे ऐकून घेतलं. "हेर रोश, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण मुलांना कुठल्याही गाडीत मळमळतं. एका मुलीच्या लिंबाच्या सालीवर मी एवढा निर्णय फिरवायचा?"

"नका फिरवू. मागे बसा."

"मी?"

"तुम्ही. दोन्ही गाड्यांत, एकाच रस्त्यावर. मी चालवतो. बसून आल्यावर तुम्हाला सही हवी असेल तर करतो."

कुणीतरी खोकलं. साडेसहा फुटांचा माणूस त्या छोट्या गाडीत मागे कसा मावणार, हे बघायला कारकूनसुद्धा खिडकीत आले. कार्लेने मनापासून मदत केली. डोकं आधी, मग एक पाय, मग दुसरा. आधी निळी. खाणीचा रस्ता, फाटक, परत. मी आरशात पाहिलं नाही. मागून सुरुवातीला "हं" आला, फाटकाआधी "बरं" आला, आणि फाटकानंतर काहीही आलं नाही.

परत आवारात आलो. कार्लेने दार उघडलं. हाउग बाहेर आले नाहीत. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत तसेच बसून राहिले.

"काही बोलत नाहीत," कार्ले जमलेल्यांना म्हणाला. "म्हणजे कौतुकच की!"

कुणी हसलं नाही, कारण हाउगच्या कपाळावर घाम होता. गर्दीतून फ्रांका पुढे गेली आणि तिने डबी उघडून त्यांच्यासमोर धरली. "चावायचं नाही, चघळायचं," ती म्हणाली. "आणि अंगठा दाबा."

डॉक्टर हाउगनी मुकाट्याने एक साल उचलली.

नंतर ते करडीत बसले. त्याच रस्त्यावर, त्याच फाटकावर, त्याच वेगात. फाटक ओलांडल्यावर मागून आवाज आला, "हेर रोश, ते फाटक गेलं का?" मग हळू आवाजात: "माझे मुलगे पण गाडीत बोलत नाहीत. मोबाईलमुळे, असं मला वाटायचं."

तक्ता टेबलावरच पडला होता. मी पट्टी मागितली आणि सव्विसाव्या ओळीखाली आणखी एक ओळ आखली. मागची सीट. निळीच्या घरात काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून पेन हाउगना दिलं. त्यांनी दोन शब्द लिहिले, त्यातला एक छापण्यासारखा नव्हता. करडीच्या घरात काय लिहायचं म्हणून ते डोरिटकडे वळले.

"फ्राउ पेश," ते म्हणाले. घसा साफ केला. आमच्याकडच्या माणसाला हे किती जड जातं ते मला ठाऊक आहे. "चांगली आहे. तुमची गाडी चांगली आहे. करडीच पुढे नेऊ."

डोरिटने माझ्याकडे पाहिलं, आपण ऐकलं ते बरोबरच ना, अशा नजरेने. मग खुर्ची ओढून खाली बसली.

संध्याकाळी कार्लेने आम्हाला वर पठारावर माझ्या गाडीपाशी सोडलं. फ्रांका मागच्या दाराजवळ उभी राहिली आणि सवयीने तिचा हात खिशाकडे गेला. ही दांड्याचीच गाडी तर बदलता येणार नव्हती, निदान आज नाही. खाली घरापर्यंत तोच रस्ता.

"डबी हातात ठेव," मी म्हणालो, "पण आज आकडे मोजायचे नाहीत. लागलं की ओरडायचं."

"मोठ्याने?"

"अगदी मोठ्याने. शिव्या दिल्यास तरी चालेल."

"उलटी झाली तर?"

"पुसू."

मी गाडी सुरू केली. पहिल्याच वळणावर मागून आवाज आला, "आजोबा, हे लागलं!" मी वेग कमी केला. "हे पण!" आणखी कमी केला. चर्चच्या गल्लीत तर मी चालत्या माणसाच्या वेगाने जात होतो. मागे पाच गाड्या आणि एक ट्रॅक्टर अडकला होता. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्या काढत होता.

"तो काय म्हणतोय?" फ्रांकाने विचारलं.

"तो बोलतोय," मी म्हणालो. "बोलू दे. तू सांग, आता कसं वाटतंय?"